प्लास्टर घट्ट होईपर्यंतचा प्रश्न

मला आभार मानता येत नाहीत. माझा धंदाच तसा आहे. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते, आणि दिवसभर माझ्या तोंडून "क्लच!", "आरशात बघा!", "अहो, समोरची बाई दिसत नाही का?" याशिवाय काही निघत नाही. संध्याकाळी तोच सूर घेऊन मी घरी येते. सासूबाई म्हणतात, हिने जेवताना मीठ मागितलं तरी शेजारच्यांना वाटतं, भांडण जुंपलं. अशा बाईने कुणाबद्दल चार गोड शब्द लिहायचे म्हणजे अवघडच काम. पण खडूकाकांबद्दल लिहिल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही.

खडूकाका हे मुलांनी ठेवलेलं नाव. एका मोठ्या हॉस्पिटलात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालणं आणि हाड जुळलं की ते कापून काढणं, हे त्यांचं काम. तळमजल्यावर, चादरी धुतात त्या खोलीच्या अलीकडे, कॉरिडॉर संपतो तिथे त्यांची खोली होती. माणूस आडदांड, मनगटं पैलवानासारखी, आणि भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, चष्म्याच्या काड्यांवर कायम पांढरी पूड. फळा पुसून आलेल्या मास्तरासारखे दिसायचे, म्हणून खडूकाका. खोलीत एक खोल सिंक, दोन बादल्या, कापसाचे गुंडाळे, भिंतीला टांगलेली विजेची करवत आणि खिडकीखाली एक लांब लाकडी बाक. दर मंगळवारी सकाळी मुलांची प्लास्टरं काढायची असत, तेव्हा हा बाक गच्च भरायचा.

आता थोडं प्लास्टरबद्दल सांगते, कारण त्याशिवाय हा माणूस समजणार नाही. ओली पट्टी गुंडाळली की ती घट्ट होताना गरम होते, आणि तेवढा वेळ हात-पाय जराही हलवायचा नसतो. हलला तर आतून सुरकुती पडते आणि पुढे कित्येक दिवस कातडीला टोचत राहते. मोठ्या माणसाला "हलू नका" म्हटलं की तो बिचारा श्वाससुद्धा जपून घेतो. मुलाला "हलू नकोस" म्हटलं की नेमकी त्याच क्षणी त्याच्या नाकाला खाज सुटते. काकांनी नोकरीच्या सुरुवातीला सगळे उपाय करून पाहिले होते. गोष्ट सांगितली तर मूल हसायचं, आणि हसलं की हलायचं. गोळी-चॉकलेट दाखवलं तर घ्यायला पुढे झुकायचं. दटावलं तर रडायचं, आणि रडताना तर अख्खं मूल हलतं.

एके दिवशी एक चिमुरडा आला. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर चढल्यावर त्याने त्या पांढऱ्या ओंडक्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "आत माझा हात आहे हे कशावरून?"

"म्हणजे काय? आहेच की," काका म्हणाले.

"पण कशावरून?"

"तुला जाणवतोय ना?"

"जाणवतोय. पण स्वप्नात पण जाणवतं."

हे सांगताना काका दरवेळी कपाळाला हात लावायचे. "मी त्या पोराकडे बघत बसलो, पोर प्लास्टरकडे बघत बसलं. आमचं दोघांचं बघून होईपर्यंत प्लास्टर दगड झालं होतं. पोर केसभर हललं नव्हतं!"

विचार करणारं मूल हलत नाही, हा शोध त्यांना असा लागला. निव्वळ कामाच्या सोयीसाठी लागला, हे ते स्वतःच हसत हसत सांगायचे. पण पुढे सोय राहिली बाजूला आणि त्यांना या गोष्टीची चटकच लागली. मोडलेलं हाड जुळल्यावर ते जुनंच हाड की नवीन? दुखणं गुडघ्यात असतं की डोक्यात? भित्रा माणूस शूर असू शकतो का? प्लास्टरवर सगळ्या वर्गाने सह्या केल्या, आणि ते कापून फेकलं, तर सह्या कुणाच्या राहिल्या? असले प्रश्न ते मुलांना विचारायचे आणि उत्तराची अशी वाट बघायचे, जणू त्यांची बदली-बढती त्यावर अडली आहे. एकदा वाद इतका रंगला, की भिजवलेल्या पट्ट्यांचे रोल बादलीतच दगड झाले आणि नर्सबाईंनी त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली.

त्यांचा एक नियम होता. ज्याचं उत्तर आपल्याला येतं तो प्रश्न मुलाला विचारायचा नाही. "त्यासाठी शाळा आहे की," ते म्हणायचे. बाकावरच्या मुलांनाही नियम होते, पण ते मुलांनीच कधीतरी ठरवलेले. कुणाच्या उत्तराला हसायचं नाही. 'का' ते सांगायचं. मत बदललं तर तसं सांगून टाकायचं, त्यात कमीपणा नाही. आणि सोबतच्या मोठ्या माणसांनी मधे तोंड घालायचं नाही. जो पालक उत्तर देईल त्याने तास संपेपर्यंत प्लास्टरच्या गढूळ पाण्याची बादली हातात धरून उभं राहायचं. या शिक्षेवर मुलं इतकी खूश असत की काही जण पालकांना मुद्दाम बोलतं करायचे.

काकांना संत करून ठेवायची माझी इच्छा नाही. त्यांच्या बायकोला मी एकदा भेटले, तेव्हा ती म्हणाली, "जगातल्या पोरांना मोठे मोठे प्रश्न, आणि घरी आले की एकच. चहा झाला का?"

तर आमची गोष्ट. आमची मुलगी तेव्हा तिसरीत होती. माझा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. मुंगी पायाखाली आली तर दिवसभर हळहळणारा माणूस. मुलगी म्हणजे तर त्याचा जीव की प्राण. त्याने तिला घरामागच्या गल्लीत सायकल शिकवायला घेतली, आणि सगळे आईबाप करतात तेच केलं. सीटला मागून हात लावून पळत राहिला, "धरलंय, धरलंय, तू पुढे बघ" म्हणत राहिला आणि हळूच हात काढून घेतला. हात काढल्यावरही "धरलंय" चालूच होतं. तिने मागे वळून पाहिलं. बाप लांब उभा होता आणि आनंदाने टाळ्या वाजवत होता. त्याच क्षणी ती आपटली आणि नडगीचं हाड मोडलं.

मी नवऱ्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, आणि पहिल्या दिवशी मी तो प्रत्येकाला दाखवते. "अनोळखी माणसांना मी ब्रेक कुठे आहे ते सांगते आणि तू पोटच्या पोरीला फसवलंस!" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "पुरे गं आता, त्याने जीव नाही घेतला कुणाचा." तो मात्र मान खाली घालून ऐकून घ्यायचा. त्याने उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं.

हॉस्पिटलात त्या दिवशी सगळे जण मुलीला "काही होणार नाही" म्हणत होते. वॉर्डबॉय, नर्सबाई, लिफ्टवाला, मी. खडूकाकांनी पट्टी भिजवायला घेतली तेव्हा तिने त्यांना विचारलं, "दुखेल?"

"थोडं दुखेल, नंतर कमी होईल असं वाटतं," काका म्हणाले. "पण कदाचित जास्तही दुखेल. मी काही तुझ्या पायात नाही." मग पट्टी फिरवता फिरवता म्हणाले, "मी तुझ्या पायात नाही, तर तुला किती दुखतंय ते मला कधी कळेल का गं?"

मुलगी रडायची थांबली. खूप वेळ छताकडे बघत होती. प्लास्टर वाफाळलं, घट्ट झालं, काकांनी त्यावर टकटक करून पाहिलं, तेव्हा ती म्हणाली, "नाही कळणार. पण तुम्ही विचारलंत तर मी सांगेन." काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मग मी विचारत जाईन." घरी जाईपर्यंत ती एकदाही रडली नाही. मी मात्र मनात म्हटलं, काय चमत्कारिक माणूस आहे, लेकराला धीर देता येत नाही याला.

प्लास्टर निघायचा दिवस आला तेव्हा काकांनी करवत चालू करून आपल्या तळव्याला लावून दाखवली. ती करवत फिरत नाही, नुसती थरथरते, म्हणून कडक प्लास्टर कापते पण कातडी कापत नाही. "तुमचा तळवा जाड आहे," मुलगी म्हणाली. "माझा पाय तसा नाही. मला कापणार नाही हे कशावरून?" आता काका रागावतील असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा असा खुलला, की जणू त्यांना लॉटरी लागली. दोघांनी बसून ठरवलं की आधी एका कडेला थोडंसंच कापायचं, मग थांबायचं, मग तिने सांगायचं. तसंच झालं, आणि प्लास्टर निघालं. एक्स-रे उत्तम होता. डॉक्टर म्हणाले, हाड झकास जुळलंय, आता उभी राहा.

ती उभी राहिली नाही.

त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. पाय जमिनीला टेकायचा म्हटलं की ती भिंतीला चिकटायची. आम्ही म्हणायचो, "अगं, काही होणार नाही." ती विचारायची, "कशावरून?" आम्ही म्हणायचो, "डॉक्टर म्हणालेत." ती म्हणायची, "बाबा पण म्हणाला होता." व्यायाम करवून घेणाऱ्या बाई आल्या, त्यांनी गोडीगुलाबीने पाहिलं, मग आवाज चढवून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हाड बरं आहे, पण पाय वापरलाच नाही तर स्नायू झडतील, घोटा आखडेल, आणि मग पुढे चालताना कायमचा त्रास राहील. आंघोळ घालताना मला ते दिसत होतं. एक पोटरी दुसरीपेक्षा बारीक झाली होती.

पण खरं सांगू? पायापेक्षा मला दुसरीच भीती खात होती. ती बापाशी बोलेनाशी झाली होती. भांडत नव्हती, रुसलेली नव्हती. अगदी शहाण्यासारखी वागायची, आणि त्याने काहीही सांगितलं की माझ्याकडे बघायची. तो म्हणाला, "बाहेर ऊन आहे," तर ही मला विचारायची, "आहे का गं आई?" तो उचलून घ्यायला पुढे आला की अंग चोरून घ्यायची. तो रोज काहीतरी खेळणं, खाऊ घेऊन यायचा. ती "थँक यू" म्हणायची, पाहुण्यांना म्हणतात तसं. तो स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राहायचा. मग मलाही त्याच्यावर ओरडवेना.

शेवटी मी खडूकाकांकडे गेले. गेले ते काही ज्ञान घ्यायला नाही. मला वाटत होतं, हा एकच माणूस असा आहे की ज्याचं ती ऐकते, तर त्याच्याकडून एक चांगलंसं खोटं वदवून घ्यावं. काका सिंकमध्ये बादली घासत होते.

"तुम्ही तिला फक्त सांगा, पाय परत मोडणार नाही म्हणून," मी म्हटलं. "तुमच्यावर तिचा विश्वास आहे."

"पण ते मला माहीत नाही," काका म्हणाले.

"अहो, कुणालाच माहीत नसतं! लेकराला सांगायचं असतं!"

"ते तर तिला सगळ्यांनी सांगितलंय की."

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. तुमच्या या तत्त्वज्ञानाने माझी पोर लंगडी होणार, असंही मी म्हणाले. कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. काकांनी बादली उपडी घातली, हात पुसले आणि म्हणाले, "तिला मंगळवारी बाकावर आणा. बाबांनाही घेऊन या." मी तणतणत घरी आले. पण दुसरा मार्ग काय होता?

लोक मला अजून विचारतात, मुलांशी असलं जड जड बोलून मिळतं काय? त्यांना पाढे येतात का लवकर? मला पाढ्यांचं ठाऊक नाही. मला त्या मंगळवारचं ठाऊक आहे, आणि त्याचं ऋण मी डोक्यावर घेऊन हिंडते. काका आता निवृत्त झालेत, माझी मुलगी माझ्याहून उंच झाली आहे, पण त्या सकाळचा शब्द न् शब्द मला आठवतो.

बाकावर त्या दिवशी तिघं होती. मनगट मोडलेला एक जाडसर गोलकीपर. कोपराला प्लास्टर असलेली, दात पडलेली एक एवढीशी पोर. आणि मी उचलून आणलेली माझी मुलगी. नवरा तिची चप्पल हातात घेऊन दाराशी उभा होता.

"आज प्रश्न हिचा आहे," काका म्हणाले. "पाय परत मोडणार नाही हे कशावरून?"

"मोडू शकतो," दात पडलेली लगेच म्हणाली.

"हाड जुळलं की तिथे जास्त घट्ट होतं," मी म्हणाले. झालं. काकांनी न बोलता बादली माझ्या हातात दिली आणि मुलं खुदखुदली.

गोलकीपर विचार करून म्हणाला, "सगळंच मोडू शकतं. हा बाक पण मोडू शकतो." हे ऐकून दात पडलेली टुणकन उडी मारून बाकावरून उठली. मग तोही उठला. माझी मुलगी बसून राहिली.

"तू का नाही उठलीस?" काकांनी विचारलं.

"मला उभं राहता येत नाही ना."

"मग तुझा बाकावर विश्वास आहे?"

मी मनात म्हणत होते, हो म्हण गं बाई, हो म्हण आणि ऊठ. पण ती म्हणाली, "विश्वास नाही. पण मोडला तरी मला बाकाचा राग नाही येणार."

"का?"

"बाकाने मला काही सांगितलं नव्हतं."

काका एकदम सिंकच्या काठावर टेकून बसले. "थांब, थांब. हे परत सांग."

"मला पाय मोडल्याचा राग नाहीच आलाय," ती सावकाश म्हणाली, जसं काही तिलाही ते आत्ताच दिसत होतं. "बाबा म्हणत होता धरलंय. आणि धरलं नव्हतं."

इतके आठवडे आम्ही सगळे तिला हाडाबद्दल समजावत होतो. एक्स-रे दाखवत होतो. आणि तिचा प्रश्न हाडाचा नव्हताच. आम्हाला कळला नाही तो नाहीच, पण तिलाही कुणीतरी शांतपणे विचारीपर्यंत तो सापडला नव्हता.

"माझी आई म्हणाली होती इंजेक्शन नाहीये," दात पडलेली म्हणाली. "आणि होतं. मला आई आवडतेच. पण मी आता तिला इंजेक्शनचं विचारत नाही. नर्सला विचारते."

"मग तू पण तसंच कर," गोलकीपरने तोडगा काढला. "बाबांना चालण्याचं विचारू नकोस. दुसरं काहीतरी विचार. क्रिकेटचं वगैरे."

"पण मला बाबालाच विचारायचंय," माझी मुलगी म्हणाली.

दारात नवऱ्याने चप्पल खाली ठेवली. काकांनी मुलांकडे पाहून विचारलं, "मोठ्यांनी बोलायचं नाही असा नियम आहे. काय करायचं?" मुलांनी कुजबुज केली. मूल स्वतः विचारेल तर मोठ्यांनी बोललेलं चालेल, असं ठरलं.

"तू का सोडलंस?" तिने विचारलं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी बादलीतल्या पाण्याकडे पाहिलं.

"सगळे असंच शिकवतात," तो म्हणाला. "मलाही असंच शिकवलं होतं."

"मी सगळ्यांचं नाही विचारलं."

त्याने खाली ठेवलेली चप्पल पायाने सरळ केली. मग म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते."

"तू नको म्हणू नयेस, म्हणून मी सांगितलंच नाही."

"हे कारण वाईट आहे," गोलकीपर म्हणाला, "पण खरं आहे." दात पडलेलीने मान हलवून दुजोरा दिला.

माझ्या मुलीने बापाकडे पाहिलं. किती दिवसांनी सरळ पाहत होती. "मग आता सांग," ती म्हणाली. "माझा पाय परत मोडेल का?"

नाही म्हण, मी मनातल्या मनात किंचाळत होते, एकदाच नाही म्हण, सगळं मिटेल.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मोडू नये असं फार वाटतं गं. पण माहीत नाही."

ती विचार करत राहिली. खोलीत कुणीही हललं नाही, काकाही नाही. मग तिने दोन्ही हात पुढे केले. "उठव मला."

त्याने तिला उठवलं. बारीक झालेली पोटरी लटलटत होती. चप्पल न घालताच तिने तो पाय फरशीवर टेकवला, डोळे मिटले, उघडले आणि भार दिला. मग दुसरा पाय. मग परत तो. तो उलटा चालत होता आणि तिचे दोन्ही हात त्याच्या हातांत होते. असे ते खोलीच्या मध्यापर्यंत आले.

"आता सोड," ती म्हणाली.

तो सोडेना.

"बाबा, सोड ना."

"पडशील."

"पडेन कदाचित. पण आता मी सांगतेय ना."

त्याने सोडलं. ती डगमगली, हात पसरून तोल सांभाळला आणि एकेक पाऊल टाकत सिंकपर्यंत जाऊन काठ धरून उभी राहिली. वळून पाहते तो बाप खोलीच्या मधोमध उभा राहून रडतोय.

"रडतोस कशाला? मी पडले का?" ती म्हणाली.

त्याचं रडू काही थांबेना. मग तिने काठ सोडला आणि परत चालत त्याच्यापर्यंत आली.